नापास झाल्याचे पेढे

गजानन,

झरीच्या फाट्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. फोटो तोच आहे, सत्काराच्या दिवशीचा. गळ्यातला हार तसाच ठेवून फक्त मजकूर बदललाय. तेव्हा 'जिल्ह्याचा अभिमान' होतं, आता 'भावपूर्ण श्रद्धांजली' आहे, आणि खाली शुभेच्छुकांच्या जागी त्याच चेहऱ्यांची तीच रांग शोकाकुल होऊन उभी आहे. तू मात्र मधे काळा गॉगल लावून हसतोयस. भावकीतल्या एकालाही छपाईवाल्याला सांगावंसं वाटलं नाही की बाबा, दुसरा फोटो घे. ज्यांनी तुला खांद्यावर घेऊन मिरवलं तेच आता टपरीवर बसून म्हणतात, गजाननचं नशीबच खोटं. नशिबाला दोष दिला की माणसाला द्यावा लागत नाही, एवढं आपल्याकडे सगळ्यांना बरोबर कळतं.

मी मात्र बोलणार आहे. तू होतास तेव्हाही बोललो होतो आणि तू म्हणाला होतास, "उत्त्या, तू जळायलास." आता तुला मधेच तोंड घालता येणार नाही. तुझ्या जाण्यानं झालेली ही एवढीच सोय.

आपलं सगळं वय विहिरीच्या काठावर गेलं. माझं परभणीत मोटार वाइंडिंगचं दुकान, आणि तू बुडालेल्या मोटारी काढणारा. पावसाळ्यात विहिरीचं पाणी चढलं आणि मोटार खाली गेली की शेतकरी आधी तुला बोलवायचा, मग मला. तू छातीत दम भरून खाली जायचास, मोटारीला दोर बांधायचास आणि दोन हिसके द्यायचास. दोन हिसके म्हणजे ओढा. वरची माणसं ओढायची आणि तू त्याच दोराला लटकून मोटारीबरोबर वर यायचास, केसात शेवाळ आणि तोंडावर हसू. मला पाण्यात उतरायला तूच शिकवलंस. माझ्या घरचे म्हणत होते, याला विहीर दाखवू नका, आणि तू मला तुमच्या मळ्यातल्या विहिरीत सरळ ढकलून दिलं होतंस. वर आलो तेव्हा दोर माझ्या हातात होता. तो तू आधीच सोडून ठेवला होतास. त्या दिवसापासून पाणी म्हटलं की माझा हात आधी दोर शोधतो. तुझाही तसाच होता.

मग आपण दोघे बुडालेली माणसं काढणाऱ्या पथकात गेलो. कोकणात जाऊन पाठीवर सिलिंडर बांधून उतरायला शिकलो. साधं शिक्षण होतं ते, वरच्या वर पोहणारे मासे बघण्यापुरतं. पण धरणाच्या पाण्याला तेवढं पुरत नाही. भिंतीजवळ गेलेलं माणूस फार खोल जातं, आणि आपण काठावर हात बांधून उभे राहायचो. पूर्णेकडच्या एका म्हातारीनं तुझे पाय धरले होते आठवतं? तिचा लेक खाली होता आणि तुला तिथवर जायची परवानगी नव्हती.  परत येताना जीपमधून घराजवळ उतरताना म्हणालास, "आपल्याला खोलचं शिकावं लागंल." तुझ्या या एका वाक्यावर मी आजही कुठं बोट ठेवू शकत नाही. पुढचं सगळं मात्र तू स्वतःच्या हातानं बिघडवलंस.

खोलचं शिक्षण म्हणजे वेगळीच जात आहे. त्या खोलीवर साधी हवा डोक्याला दारूसारखी चढते, म्हणून श्वासाचा वायू बदलावा लागतो. वर येताना ठरलेल्या खोलींवर थांबत यावं लागतं, अंगात मुरलेला वायू श्वासातून निघून जाईपर्यंत. घाईनं वर आलं की तोच रक्तात बुडबुडे करतो. हे शिकवणारे आपल्या देशात मोजके, आणि त्यातले खरे कोण हे बाहेरून कळत नाही. मी महिनाभर फोन करत बसलो. एकानं मला शार्कबरोबरचा फोटो पाठवला, दुसऱ्यानं विचारलं की एकदम सगळे कोर्स घेतले तर सवलत देऊ का, जणू मी साड्या घ्यायला गेलो होतो. शेवटी गोव्याकडच्या एक बाई भेटल्या. पहिल्याच फोनवर त्यांनी मला उलटं विचारलं, "मलाच का निवडताय?" मी म्हणालो, तुमचं नाव ऐकलंय. त्या म्हणाल्या, "नावावर जाऊ नका. शिकवणारा निवडताना त्याला एकच विचारा, तुम्ही शेवटचं नापास कुणाला केलंत आणि का. उत्तर द्यायला त्याला आठवावं लागलं, तर तिथून उठा."

मी तसाच तुझ्याकडे आलो. तुमच्या घरी धोंड्याच्या महिन्याचं जेवण चाललं होतं. तुझ्या चुलत्यानं जावयाला बोलावलं होतं, म्हणजे तुझ्या चुलत बहिणीच्या, संगीताच्या नवऱ्याला, आपल्या दाजींना. पाटावर बसून, पुरणाच्या धोंड्यांवर तुपाची धार घेत दाजी समुद्राच्या गोष्टी सांगत होते. किनाऱ्यावर त्यांचं पाणबुड्यांचं शिकवणीचं दुकान होतं. गळ्यात चेन, चेनीला शार्कचा दात. तो दात कुठल्या यात्रेतला असावा असं मला तेव्हाच वाटलं. खोलचंही शिकवता का, असं तू विचारलंस. ते म्हणाले, "शिकवतो की. तुम्हाला नाही तर कुणाला शिकवणार?" झालं. ढेकर देईपर्यंत तुझा कोर्स ठरला.

मी तुला बाजूला ओढलं. तू म्हणालास, "आपल्या घरचा माणूस सोडून परक्या बाईकडं कशाला जायचं? दाजी हायत. आपला माणूस हाय."

गज्या, तू बैल घ्यायला गेलास तर दात बघायचास, खूर बघायचास, त्याला चालवून बघायचास, मालकाला रागवायला लावून बैल बुजतो का तेही बघायचास. संगीताचं लग्न ठरलं तेव्हा याच दाजींच्या गावी जाऊन तू न्हाव्यापासून दूधवाल्यापर्यंत चौकशी केली होतीस. आणि ज्याच्या हातात जीव द्यायचा त्याची चौकशी एवढीच, की तो आपला जावई आहे. तेव्हा मला राग आला होता. आता नुसती शिसारी येते, तुझी आणि आपल्या सगळ्यांची. आपल्याकडे डॉक्टर ओळखीचा लागतो, वकील पाव्हण्यातला लागतो, आणि मग त्यानं पोट चुकीचं फाडलं तरी तक्रार करायची नाही, कारण दिवाळीला त्याच्याच घरी जायचंय. जावयाला तर कुणी काही विचारतच नाही. त्याच्या ताटात मीठ कमी पडलं तर सासू रडते. अशा माणसाला तू कसं सांगणार होतास की दाजी, हे मला जमलं नाही, पुन्हा दाखवा? आणि मेहुण्याला नापास करून दाजी पुढच्या दिवाळीला कुठल्या तोंडानं सासरी येणार होते?

मी तुझ्याकडून एवढंच कबूल करून घेतलं, की बाईंनी सांगितलेला तो एक प्रश्न त्यांना विचार. आठवड्यानं भेटलास तेव्हा म्हणालास, "इचारलं. समाधान झालं." मी पुढं ताणलं नाही.

मी गोव्याला गेलो. बाईंनी पहिले दिवस मला नुसतं पोहायला लावलं, वर तोंडपाठ प्रश्न. मग मधल्या पाण्यात नेलं, जिथे तळ दिसत नाही आणि वरचं ऊनही लांब असतं. तिथं कशालाही न धरता, न हलता थांबायचं. एका जागी, बसल्यासारखं. तेवढ्यात त्या डोळ्यांवरचा मास्क काढायला सांगायच्या. बाजूला दोर सोडलेला होता. मास्क निघाला, नाकात खारं पाणी गेलं आणि माझा हात दोरावर गेला. दुसऱ्यांदा गेला. तिसऱ्यांदा मी ठरवून उतरलो की जाऊ द्यायचा नाही, तरी गेला. वर आल्यावर बाई म्हणाल्या, "तुमचा हात डोक्याच्या आधी पोचतो. विहिरीतली सवय आहे, चांगली सवय आहे, पण खोलावर हीच मारेल. मी तुम्हाला पास करणार नाही. घरी जा, सराव करा, मग या." मी थोडी गयावया केली. त्या चहा ओतत राहिल्या.

परत आलो तर तू बसस्टँडवर पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभा. वाहकाला पेढा, ड्रायव्हरला पेढा, केळीवाल्याला पेढा. "आमचा गडी नापास झाला," असं सगळ्यांना सांगत होतास. घरी येऊन माझ्या आईलाही दिलास, आणि तिनं बिचारीनं मी पास झालो समजून देवापुढे ठेवला. मी चिडलो होतो, पण खोटं कशाला सांगू, इतकं हसलो नव्हतो कित्येक दिवसांत. तुझ्याशिवाय माझी इतकी बेअब्रू कुणी इतक्या मायेनं केली नसती. त्याबद्दल तुझे उपकार मी मानतो, आणि तेवढ्यापुरता माझा राग बाजूला ठेवतो.

मग तू दाजींकडे गेलास आणि गेलास तसा पास होऊन आलास. दाजींनी पाणी भरलेल्या एका जुन्या खदानीत शिकवलं होतं. मी विचारलं, मधल्या पाण्यात थांबलास का? म्हणालास, "थांबलो की." हात सोडून? "दोर होता बाजूला. दाजी म्हणले, दोर हाय तर धरा की, कशाला तरास." मी पुढं बोललो तर तू पास झाल्याचं सोनेरी कार्ड माझ्या नाकासमोर धरलंस. मग सत्कार झाला. शाल, श्रीफळ, हार, आणि भाषणात एकानं तुला 'समुद्रवीर' म्हटलं, तेही परभणी जिल्ह्यात, जिथून समुद्र गाठायला रात्रभर गाडीत बसावं लागतं. दाजींना मधली खुर्ची होती. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "तुम्ही पण आला असता तर झालं असतं तुमचं." मंडपात सगळे हसले. तूही हसलास.

आणि मग धरण. चारठाण्याकडचा एक माणूस भिंतीजवळ बुडाला होता, त्याची बायको दोन लेकरं घेऊन काठावर बसली होती. मी तुला म्हणालो, जोडीदार नाही, उतरू नको. तुझा जोडीदार मी, आणि मला त्या खोलीची परवानगी नव्हती. तू माझ्या गालाला चापट मारून म्हणालास, "नापास पोरांनी काठावर बसायचं." तेवढं म्हणून होडीत बसलास. होडीतल्या माणसांना तू बजावलं होतंस की मी हळूहळू थांबत वर येणार, मी वर आल्याशिवाय दोर ओढायचा नाही. ती माणसं शहाणी होती, त्यांनी मान डोलावली.

तू खाली गेलास, तुला तो माणूस सापडला, तू त्याला दोर बांधलास. आणि मग तुझ्या हातानं तेच केलं जे तो सगळा जन्म करत आला होता. दोराला दोन हिसके बसले. होडीतली माणसंही आपल्याच भागातली, आपल्याच विहिरींवर वाढलेली. दोन हिसके म्हणजे ओढा. त्यांनी ओढलं. मी काठावरून ओरडलो, पण तिथवर आवाज गेला नाही. दोर वर आला, त्याबरोबर तो बुडालेला माणूस आला, आणि दोराला धरून तू आलास. कुठेही न थांबता, मोटारीबरोबर यायचास तसा. एकदा हात सोडला असतास आणि पाण्यात तरंगत थांबला असतास, तर आज शिव्या खायला तरी जागेवर असतास.

काठावर आलास तेव्हा हसत होतास. काठावर बसलेल्या त्या बाईच्या नवऱ्याचे डोळे तू मिटलेस, त्याच्या अंगावर कुणाचीतरी चादर टाकलीस. मग म्हणालास, "हात सुटलाच न्हाई रे उत्त्या." मी तुझ्या तोंडाला प्राणवायू लावला. थोड्या वेळानं म्हणालास, "पायाला मुंग्या यायल्यात." मग पाय उचलेनात. असल्या माणसाला दाबाच्या बंद टाकीत ठेवून हळूहळू मोकळं करावं लागतं, आणि तशी टाकी समुद्राकडे आहे, आपल्याकडे नाही. तिकडे निघालेल्या गाडीत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. अर्धी वाटही सरली नाही. तुझा हात मी धरला होता, तोही तू सोडला नाहीस.

परवा तेरवी झाली. सगळे सतरंजीवर, दाजी खुर्चीवर. दुःखाच्या घरीसुद्धा जावयाचा मान चुकला नाही. पाण्याचा तांब्या आधी त्यांच्यापुढे गेला. ते म्हणाले, "मी सगळं शिकवलं होतं. गजानन ऐन वेळी विसरला." माना हलल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं राहिलंय ना? या तुम्ही. गजाननच्या स्मरणार्थ करून देऊ तुमचं. फुकट." गज्या, तुझ्या तेराव्याच्या मांडवात तो माणूस मला पास करून द्यायला निघाला होता, प्रसाद वाटावा तसा.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "दाजी, तुम्ही शेवटचं नापास कुणाला केलं होतं?"

ते आठवू लागले. खरंच आठवू लागले. मग म्हणाले, "असं कुणी नाही."

"गजानननं विचारलं होतं ना तुम्हाला?"

"नाही बुवा. तो कशाला विचारील असलं? आपल्या माणसाला नापास करून तोंड कसं दाखवायचं?"

आणि लोकांनी परत माना हलवल्या. त्यांना ते पटलं. तुझ्या वडिलांनी खाली बघत एवढंच म्हटलं, "पाव्हण्यायला जेवायला बसवा." दाजी दोन वेळा भात घेऊन जेवले. संगीता वाढत होती, तिनं नवऱ्याच्या ताटाकडे पाहिलं नाही. त्या अख्ख्या मांडवात लाज वाटणारं ते एकच माणूस होतं.

म्हणजे तू विचारलंच नव्हतंस. 'समाधान झालं' हे तू माझं तोंड बंद करायला म्हणाला होतास. ताटं उचलेपर्यंत मी तुला मनातल्या मनात जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या दिल्या. वहिनी मागच्या दारात राखेनं भांडी घासत होत्या. मला पाहून थांबल्या.

"भावजी, तुमी नापास झालात तवा ह्यांनी पेढे वाटले होते ना?"

मी म्हणालो, हो, लय उपकार केले.

"त्या दिवशी घरी आले अन् जेवलेच न्हाईत. मी म्हणलं, दोस्त नापास झाला म्हणून का? तर म्हणले, उत्त्याला थांबवणारं माणूस भेटलं. आमाला सगळे आत्तापासूनच हार घालायला निघालेत. आमाला कोण थांबवायचं?"

त्यांनी पुन्हा भांडं हातात घेतलं.

तुला ठाऊक होतं, गज्या. कार्ड माझ्या नाकासमोर धरतानाही ठाऊक होतं. तुझा माझ्यावरचा एकही टोमणा खरा नव्हता, आणि एवढा मोठा वाद मी जिंकलोय हे मला तू जिवंतपणी कळू दिलं नाहीस. कारण तसं कबूल केलं असतंस तर दाजींना नाही म्हणावं लागलं असतं, आणि जावयाला नाही म्हणण्यापेक्षा तुला धरणात उतरणं सोपं वाटलं. मी तुला याबद्दल माफ करत नाही. म्हातारा होऊन वर आलो तर तिथंही पहिलं भांडण हेच काढीन.

बाईंना मी फोन केला. झालेलं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सराव चालू आहे का?" मी तुमच्या मळ्यातल्या विहिरीत रोज उतरतो. वहिनी काठावर येऊन बसतात. मी मधल्या पाण्यात थांबतो, दोर बाजूला असतो, आणि हात जायला बघतोच. अजून जातो कधी कधी. पुढच्या महिन्यात परीक्षेला बोलावलंय.

या वेळीही नापास झालो तर परभणीच्या बसस्टँडवर पेढे मीच वाटीन. वाहकाला, ड्रायव्हरला, केळीवाल्याला. एक दाजींना पोस्टानं पाठवीन. आणि उरलेला बॉक्स झरीच्या फाट्यावर तुझ्या हसऱ्या फ्लेक्सखाली ठेवीन, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळेल की आमच्यातलं एक माणूस अजून नापास होऊ शकतं.